फोटो गुगलवर आहेत, मग काळजी कसली?

फोन रिक्षात राहिला किंवा पाण्यात पडला की घरात पहिली हळहळ होते ती फोटोंची. त्यावर घरातलं कॉलेजात जाणारं कोणीतरी शांतपणे सांगतं, "सगळे गुगलवर आहेत. नवीन फोन घेतला की येतील." आणि बहुतेक वेळा ते येतातही. नव्या फोनमध्ये जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड टाकला की गेल्या गणपतीचे, त्याआधीच्या लग्नाचे, नातवाच्या बारशाचे फोटो एकेक करून दिसू लागतात. हे एकदा अनुभवलेल्या माणसाने विचारलं, की मग हार्ड डिस्कवर वेगळी प्रत कशाला ठेवायची, तर त्याचा प्रश्न रास्तच आहे.

'क्लाउडच्या भानगडीत पडू नका' हे त्याचं उत्तर नाही. क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर ठेवलेली फाईल नष्ट होणं दुर्मीळ असतं. फाईल जागच्या जागी शाबूत असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा आपला रस्ताच बंद होतो, हे मात्र त्यामानाने फार सहज घडतं. या प्रकरणातला बराचसा मजकूर या दुसऱ्या शक्यतेबद्दल आहे.

१. फाईल जाते कुठे?

फोटो 'वर जातो' म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये जातो. डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक आणि डिस्क रांगेने मांडलेली, चोवीस तास वीज आणि थंडावा पुरवलेली मोठी इमारत. नवी मुंबईत अशा बऱ्याच इमारती आहेत. तुमचा फोटो मात्र त्यातल्याच एखादीत असेल असं नाही; तो सिंगापूरला असेल किंवा अमेरिकेत. महत्त्वाचं हे, की तो एकाच डिस्कवर नसतो. त्याच्या प्रती किंवा तुकडे अनेक डिस्कवर, पुष्कळदा वेगवेगळ्या इमारतींत ठेवलेले असतात. एखादी डिस्क बंद पडली की उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत आपोआप तयार होते.

ही व्यवस्था किती भरवशाची? ॲमेझॉन आपल्या एस-थ्री या साठवण सेवेबद्दल ९९.९९९९९९९९९ टक्के असा आकडा सांगते. त्याचा अर्थ कंपनीच्याच उदाहरणात असा: १ कोटी फाईल ठेवल्या, तर सरासरी १० हजार वर्षांत एखादी हरवेल. घरातल्या टेबलावरची हार्ड डिस्क मांजराच्या एका उडीत जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतले अल्बम, व्हिडिओ कॅसेट आणि संगणक एकदमच पाण्याखाली गेले. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे तेच झालं. दूर कुठेतरी एक प्रत असती, तर ती वाचली असती. क्लाउडचा हा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही.

पण तो नऊ-नऊचा आकडा एकाच गोष्टीबद्दल बोलतो: कंपनीच्या डिस्क बिघडून फाईल जाईल का? तुम्हीच चुकून पुसली तर, खातं बंद झालं तर, कंपनीने सेवाच गुंडाळली तर, पासवर्ड विसरलात तर, यांतलं काहीच त्या आकड्यात धरलेलं नाही.

२. इमारतीलाच आग लागली तर?

हे घडलेलं आहे. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्या ग्राहकांची दुसरी प्रत दुसऱ्या गावात होती, ते काही दिवसांत सावरले. ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी काहींचं सगळंच गेलं.

त्याहून बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारच्या ७०९ संगणक प्रणाली थांबल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे सुरू झाल्या, पण 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवणूक कायमची गेली. सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या फाईल ठेवण्यासाठी त्यात प्रत्येकी ३० जीबी जागा दिलेली होती. एकूण ८५८ टेराबाइट मजकूर होता आणि तो एवढा अवाढव्य आहे म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. कर्मचारी व्यवहार मंत्रालयात तर फाईल टेबलावरच्या संगणकावर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवायची, असा नियम होता. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या त्या मंत्रालयाला सगळ्यात मोठा फटका बसला.

अशा आगी वारंवार लागत नाहीत आणि मोठ्या कंपन्या शहाण्यासारख्या निरनिराळ्या शहरांत प्रती ठेवतात. म्हणून आगीपाशी फार थांबायला नको.

३. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

पावतीपुस्तक आठवा. दोन कागदांमध्ये कार्बन असतो, वर लिहिलेलं खाली उमटतं. पण वर चुकीचा आकडा लिहिला, तर खालीही चुकीचाच उमटतो. वर काट मारली, तर खालीही काट पडते. सिंक हा असा कार्बन आहे. फोन, लॅपटॉप आणि क्लाउड या तिन्ही ठिकाणी सदैव एकच चित्र राहावं, हे त्याचं काम. खालचा कागद पुस्तकातून फाडून वेगळ्या फायलीत लावला, की तो बॅकअप. आता वर काहीही खाडाखोड झाली तरी त्याला धक्का नाही.

बहुतेक लोकांकडे जे असतं ते सिंक असतं आणि ते त्यालाच बॅकअप समजतात. कंपन्याही आपल्या ॲपमध्ये 'बॅकअप' हाच शब्द वापरतात, त्यामुळे दोष एकट्या लोकांचा नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. आईचा फोन भरला. तिने गुगल फोटोज उघडलं, बारशाचे तीनशे फोटो निवडले आणि डिलीट केले. तिच्या हिशेबाने ते फोनवरून गेले आणि 'वर' राहिले. खरं म्हणजे ते दोन्हीकडून गेले. ते ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतात आणि मग कायमचे जातात. गुगल ड्राइव्हमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे, ॲपलच्या फोटोंनाही साधारण तेवढीच. बारशाचा अल्बम करायचा विषय मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला निघतो. तोवर मुदत केव्हाच उलटलेली असते.

त्याच ॲपमध्ये 'जागा मोकळी करा' असंही एक बटण आहे. ते दाबलं, तर वर पोहोचलेले फोटो फक्त फोनवरून निघतात. आईला हवं होतं ते हेच. पण याचाही एक परिणाम लक्षात घ्या: आता फोनवर प्रत नाही, क्लाउडवरची प्रत ही एकमेव प्रत. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर हेच न विचारता होत राहतं. जागा कमी पडू लागली की मूळ फोटो वर राहतात आणि फोनमध्ये त्यांची छोटी आवृत्ती उरते. दिसायला सगळं फोनमध्येच असतं.

तिसरी गंमत व्हॉट्सॲपची. अँड्रॉइड फोनमध्ये गुगल फोटोज मुळात फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर वर पाठवतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर आपण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. लग्नाचे आपल्याकडचे निम्मे फोटो इतरांनी काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतात. 'सगळे गुगलवर आहेत' यातले 'सगळे' एकदा तपासून पाहावेत.

आणि कार्बन कधी स्वतःही घोटाळा करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्ये सिंकचा दोष निघाला आणि काही लोकांना आपल्या अलीकडच्या कित्येक महिन्यांच्या फाईल दिसेनाशा झाल्या. गुगलने नंतर त्या परत मिळवण्याचा मार्ग दिला. पण मधले दिवस ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती, त्यांनाच झोप लागली असेल.

४. खातं बंद झालं तर

माझ्या मते सगळ्यात मोठी जोखीम इथे आहे, आणि तिचा विचार सगळ्यात कमी होतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बापाची हकिकत न्यूयॉर्क टाइम्सने ऑगस्ट २०२२ मध्ये छापली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच्या लहान मुलाच्या नाजूक भागाला सूज आली. कोविडचे दिवस होते, डॉक्टरांची भेट व्हिडिओवर होणार होती, म्हणून नर्सने आधी फोटो पाठवायला सांगितलं. फोटो काढले गेले आणि फोनच्या सवयीप्रमाणे आपोआप वर गेले. तिथे गुगलच्या यंत्रणेने ते बाल लैंगिक शोषणाचं चित्र ठरवलं. दोन दिवसांत त्याचं खातं बंद झालं. वर्षानुवर्षांचे मेल, फोन नंबर, मुलाच्या बालपणीचे फोटो, सगळं त्या एका खात्यात होतं. मोबाईलची सेवाही गुगलचीच होती, त्यामुळे नंबरही गेला. पोलिसांनी चौकशी केली आणि गुन्हा घडलेला नाही असं सांगितलं. गंमत अशी, की हे कळवायला पोलीस त्याच्याशी संपर्क साधत होते तेव्हा त्याचा फोनही बंद होता आणि मेलही. तो निर्दोष ठरूनही गुगलने त्याचं खातं परत दिलं नाही.

हे अमेरिकेतच होतं असं नाही. गुजरातमधल्या एका अभियंत्याने आपला लहानपणचा फोटो ड्राइव्हवर टाकला. त्यात आजी त्याला अंघोळ घालते आहे. आपल्याकडे असा फोटो कोणाच्या घरी नाही? २०२३ मध्ये त्याचं खातं बंद झालं, कामाचे मेल अडकले, आणि खात्यातला मजकूर पुसला जाण्याची तारीख जवळ येऊ लागली तेव्हा तो गुजरात उच्च न्यायालयात गेला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने गुगलला आणि सरकारला नोटीस काढली.

मुलांचं शोषण शोधणारी अशी यंत्रणा असायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण पुढची आहे. यंत्राचा निर्णय चुकला, तर दाद मागायला समोर माणूस नसतो. बँकेत खातं गोठलं तर निदान शाखेत जाऊन मॅनेजरच्या टेबलासमोर बसता येतं. फुकटच्या ईमेल खात्याला शाखा नसते.

रस्ता बंद करणारे बाहेरचेही असतात. ऑगस्ट २०१२ मध्ये मॅट होनन या अमेरिकन तंत्रज्ञान-पत्रकाराच्या ॲपल खात्यात भामटे शिरले. त्यांनी संगणकीय चमत्कार काही केला नाही. एका कंपनीच्या मदत केंद्राला फोन करून क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळवले आणि दुसऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला तेच आकडे ओळख म्हणून सांगितले. मग त्याचा फोन, आयपॅड आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकले. फोन चोरीला गेल्यास उपयोगी पडावी म्हणून दिलेली सोय चोरांनीच वापरली. मुलीच्या जन्मापासूनच्या फोटोंची वेगळी प्रत त्याच्याकडे नव्हती. डेटा परत काढून देणाऱ्या कंपनीला पैसे मोजल्यावर बरेचसे फोटो मिळाले. तंत्रज्ञानावर लिहिणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याची ही कथा.

आपल्याकडे मात्र यातलं काहीच व्हावं लागत नाही. गावातल्या मोबाईलच्या दुकानात नवा फोन घेताना दुकानातला मुलगाच गुगल खातं उघडून देतो. पासवर्ड काय ठेवला हे फोनच्या मालकाला ठाऊक नसतं, कारण फोन तो पुन्हा विचारतच नाही. फोन बिघडला की पहिल्यांदा विचारतो. मग ओटीपीवर मदार. पण तो नंबर जुना असतो, रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या माणसाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी आता अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. फोटो आहेत, खातंही आहे. आपण आपणच आहोत हे पटवून देणं तेवढं जमत नाही.

५. पंधरा जीबीचं गणित

गुगल फुकट १५ जीबी जागा देतं आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची वाटणी असते. ॲपल ५ जीबी देतं. हिशेब मांडून पाहू. १५ जीबी म्हणजे साधारण १५,००० एमबी. रोज १० फोटो, प्रत्येकी ४ एमबीचे, म्हणजे आठवड्याला २८० एमबी. आठवड्यातून एकदा नातवंडाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, सुमारे २५० एमबी. एकूण ५३० एमबी. १५,००० भागिले ५३०, म्हणजे २८ आठवडे. गणपतीत घेतलेला फोन गुढीपाडव्याच्या सुमारास 'स्टोरेज फुल' म्हणू लागतो. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं, जीमेलमध्ये येणारे मेल परत जाऊ लागतात. सूचना येते, पण अशा सूचना बाजूला सारायची सवय सगळ्यांनाच लागलेली असते. दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं, तर मजकूर पुसण्याचा हक्क गुगलने आपल्या नियमांत राखून ठेवलेला आहे.

हे नियम कायमचे नसतात. गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, असा वायदा होता. १ जून २०२१ पासून तो संपला. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हवरची 'अमर्याद' जागा २०१५ मध्ये मागे घेतली. ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ अखेर बंद झालं. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये मान्य केलं, की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिथे ठेवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झालं. ती सुमारे ५ कोटी गाणी होती, असं तेव्हा सांगितलं गेलं. हौशी गायकांची, गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित केलेली, दुसरीकडे कुठेच नसलेली गाणी त्यात किती असतील, कोण जाणे.

६. माणूस गेल्यावर

वडील गेल्यावर बँकेची पासबुकं आणि विम्याचे कागद मिळतात. फोनचं लॉक मात्र कोणालाच माहीत नसतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं आहे. म्हणजे शोकातून बाहेर येऊन 'बाबांचे फोटो काढू या' असं म्हणेपर्यंत मुदत टळलेली असू शकते.

यावर सोय आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. गुगलच्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये तुम्ही ठरवून ठेवू शकता, की खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने निपचित राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय काय त्याच्या हाती द्यायचं. दहापर्यंत नावं देता येतात. ॲपलमध्ये २०२१ च्या अखेरीपासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. दोन्हीला मिळून अर्धा तास पुरतो. पण स्वतःच्या मरणाचा फॉर्म भरायला हात उचलत नाही, हे खरं.

७. मग करायचं काय?

आधी फाईलची विभागणी करा. डिजिलॉकरमधली दहावीची गुणपत्रिका किंवा वाहन परवाना हा मूळ देणाऱ्या संस्थेच्या नोंदीतून येतो. तो गेला तरी पुन्हा काढता येतो. सातबाराही पुन्हा निघतो. आजीच्या आवाजातली ओवी, बारशाचा व्हिडिओ, तुम्ही लिहून ठेवलेल्या डायऱ्या पुन्हा निघत नाहीत. सगळी मेहनत या दुसऱ्या ढिगावर करायची.

त्या ढिगाची एक प्रत क्लाउडवर राहू द्या आणि एक अशा ठिकाणी ठेवा, जिथे त्या खात्याचा हुकूम चालत नाही. हे का, ते ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीला विचारावं. त्याचे सहा लाखांवर सभासद आहेत. त्यांची संगणक व्यवस्था गुगल क्लाउडवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती. मे २०२४ मध्ये ती दोन्ही ठिकाणांहून एकदम पुसली गेली, कारण व्यवस्था उभी करताना गुगलकडून एक रकाना कोरा राहिला होता आणि त्यामुळे तिला एक वर्षाची मुदत लागली होती. सेवा आठवडाभर ठप्प होती. वाचवलं ते वेगळ्या ठेवलेल्या प्रतींनी, आणि त्यांत दुसऱ्या कंपनीकडच्या प्रतीही होत्या. जागा दोन होत्या, पण व्यवस्था एकच होती.

घरच्यासाठी एक-दोन टेराबाइटची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क पुरते. 'गुगल टेकआउट'वरून सगळे फोटो मागवता येतात. ते झिप फाईलच्या तुकड्यांत येतात आणि डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालते, म्हणून ज्या दिवशी इंटरनेट धड आहे त्याच दिवशी हे काम काढा. वेळेचा हिशेब पाहा: १०० जीबी फोटो २० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला सुमारे ११ तास लागतात. फोटोबरोबर जेसन नावाच्या बारीक बारीक फाईलही येतात. त्या कचरा समजून पुसू नका. काही फोटोंची तारीख आणि जागा त्यांतच असते.

डिस्कसुद्धा अमर नसते. वर्षातून दोनदा ती जोडा आणि नुसती फोल्डरची नावं पाहून समाधान मानू नका. सगळ्यात जुन्या वर्षातले चार फोटो उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. जमल्यास दुसरी डिस्क घेऊन ती दुसऱ्या गावात राहणाऱ्या भावाकडे किंवा लेकीकडे ठेवा आणि दिवाळीला अदलाबदल करा.

खात्यासाठी दोन कामं. त्यात नोंदवलेला मोबाईल नंबर आजचा आहे का, ते पाहा. आणि गुगल जे दहा 'बॅकअप कोड' देतं, ते कागदावर छापून रेशनकार्डाच्या फायलीत लावा. फोन हातात नसताना दुसऱ्या टप्प्यातला ओटीपी मागितला, तर त्याच्या जागी त्यातला एकेक कोड एकदाच चालतो. डिस्कला पासवर्ड लावला असेल तर तोही त्याच कागदावर लिहा, त्याच गुगल खात्यातल्या नोट्समध्ये नको.